स्मार्ट चष्मा आणि दूरचा गुरू: शस्त्रक्रिया शिकवताना दुरून देखरेख कशी उभारावी

शिकाऊ सर्जनच्या डोळ्यांवर कॅमेरा बसवलेला स्मार्ट चष्मा, लांब कुठेतरी बसलेल्या शिक्षकासमोर पडदा आणि मध्ये इंटरनेट. मांडणी ऐकायला सोपी आहे आणि चष्मा विकणारे ती आणखी सोपी करून सांगतात. पण या सगळ्यात चष्मा हाच किरकोळ भाग. शिक्षकाने कधी बोलायचं, काम कुठे अडवायचं आणि गडबड झाली तर टेबलाशी उभं राहून सूत्रं कोणी हातात घ्यायची, हे आधी ठरवणं हे खरं काम आहे. ते ठरलेलं नसेल तर महागड्या चष्म्यातूनही शिक्षकाला फक्त चूक होताना बघायला मिळते.

आधी एक हिशेब करू. शिकाऊ डॉक्टर कात्री चुकीच्या जागी नेतो. ते चित्र शिक्षकापर्यंत पोहोचायला ०.४ सेकंद लागले असं धरा. शिक्षकाच्या लक्षात येऊन तोंडातून शब्द फुटायला ०.७ सेकंद, आवाज परत यायला ०.२ सेकंद, ऐकून हात थांबायला ०.३ सेकंद. एकूण दीड सेकंदाच्या पुढे गेलो. कात्री मिटायला अर्धा सेकंदही लागत नाही. शेजारी उभा असलेला शिक्षक मनगट धरू शकतो. दूरच्या शिक्षकाला ते कधीच जमणार नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट आहे: पुढचं पाऊल पडण्याआधी ते अडवणं. म्हणून दुरून देखरेखीची सगळी रचना ठरवलेल्या थांब्यांभोवती करावी लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबातून निघतात.

दुरून शस्त्रक्रिया बघण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९६५ मध्ये हृदयाचे सर्जन मायकेल डीबेकी यांनी ह्यूस्टनमध्ये केलेली हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ‘अर्ली बर्ड’ उपग्रहामार्फत जिनिव्हात दाखवली गेली. ७ सप्टेंबर २००१ रोजी फ्रेंच सर्जन जाक मारेस्को यांनी न्यू यॉर्कमध्ये बसून रोबोटच्या साह्याने स्ट्रासबूर्गमधल्या रुग्णाचं पित्ताशय काढलं. खास राखून ठेवलेल्या फायबर लाइनवर तेव्हाचा विलंब सुमारे १५५ मिलिसेकंद होता. २०१३ मध्ये सर्जन राफाएल ग्रॉसमन यांनी गूगल ग्लास हा गूगलचा स्मार्ट चष्मा घालून शस्त्रक्रिया केली आणि २०१४ मध्ये लंडनचे सर्जन शफी अहमद यांनी तशीच एक शस्त्रक्रिया जगभरच्या हजारो विद्यार्थ्यांना थेट दाखवली. पण हजारोंना दाखवणं आणि एकाच्या हातावर लक्ष ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. प्रक्षेपणात चित्र दोन सेकंद अडकलं तर कोणाचं काही बिघडत नाही.

पायरी १: खरंच चष्मा हवा का?

पहिला प्रश्न शस्त्रक्रिया कोणती, हा. लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटात बारीक दुर्बीण घालून केलेली शस्त्रक्रिया, शिकवायची असेल तर डोक्यावरच्या कॅमेऱ्याने मॉनिटरचं चित्र टिपून पाठवण्यात काहीच अर्थ नाही. ते चित्र लॅप्रोस्कोपच्या यंत्रणेत मूळ दर्जात तयारच असतं. तिथून कॅप्चर कार्ड (यंत्राचं चित्र संगणकात घेणारं उपकरण) लावून थेट घ्या. सूक्ष्मदर्शकाखालच्या कामालाही हेच लागू होतं. या ठिकाणी चष्म्याचा उपयोग झाला तर शिक्षकाने काढलेल्या खुणा दाखवण्यापुरता, आणि तेवढ्यासाठी भिंतीवरचा साधा पडदा बहुतेक वेळा जास्त बरा पडतो.

चष्म्याचं खरं क्षेत्र म्हणजे उघडी शस्त्रक्रिया. हर्नियाची दुरुस्ती, स्नायुबंधाची जोडणी, त्वचेचं रोपण, जखमेची साफसफाई: अशा ठिकाणी वरच्या दिव्यातल्या कॅमेऱ्याला सर्जनचं डोकं आडवं येतं आणि चष्म्याला मात्र नेमकं तेच दिसतं जे सर्जन बघतो आहे. खोल पोटातलं किंवा छातीतलं काम मात्र चष्म्याला नीट झेपत नाही. तिथे अरुंद खड्ड्यात प्रकाश आणि खोली या दोन्हींचा प्रश्न येतो.

दुसरा प्रश्न शिकणारा कुठल्या पातळीवर आहे. शिक्षक किती मदत करतो यावरून पायऱ्या मांडणारी झ्विश मोजपट्टी इथे कामाची आहे. तिच्या ४ पायऱ्या अशा: शिक्षक करून दाखवतो; शिक्षक सक्रिय मदत करतो; शिकणारा पुढाकार घेतो आणि तो सांगेल तेवढीच मदत शिक्षक करतो; शिक्षक फक्त लक्ष ठेवतो. दुरून देखरेख शेवटच्या पायरीसाठी आहे, फार तर तिसरीच्या शेवटासाठी. ज्याला अजून शिक्षकाचा हात लागतो त्याला चष्मा देऊन सोडून देणं म्हणजे देखरेखीचा देखावा.

तिसरी अट न वाकणारी आहे. गडबड झाली तर सूत्रं हातात घेऊ शकेल असा सर्जन त्याच इमारतीत असला पाहिजे आणि काही मिनिटांत हात धुऊन टेबलाशी येऊ शकला पाहिजे. तो त्या खास तंत्रातला तज्ज्ञ नसेल तरी चालेल, पण रक्तस्राव थांबवणं आणि पोट सुरक्षित बंद करणं त्याला आलंच पाहिजे. चष्म्यामुळे खोलीतला एक डॉक्टर कमी लागेल या हिशेबाने कोणी ही योजना मांडत असेल तर तिथेच नाही म्हणा. चष्म्यामुळे त्या खोलीत नसलेलं कौशल्य पोहोचतं. खोलीतला माणूस कमी होत नाही.

पायरी २: चष्मा निवडणं

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते रिझोल्यूशन. त्याने फसू नका. थोडं गणित करून बघा.

सर्जनच्या डोळ्यापासून जखमेचं अंतर साधारण ४५ सेंटिमीटर असतं. कॅमेऱ्याचा आडवा कोन ७० अंश असेल तर त्या अंतरावर तो सुमारे ६३ सेंटिमीटर रुंदीचं दृश्य टिपतो. फुल एचडी चित्रात आडवे १,९२० पिक्सेल, म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम ३ पिक्सेल. १० सेंटिमीटरची चीर चित्राचा सहावा हिस्साही व्यापत नाही. बाकी पडद्यावर कापडं, हात आणि ट्रे. टाके घालायच्या ३-० क्रमांकाच्या धाग्याची जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर, म्हणजे एका पिक्सेलहूनही कमी. त्याहून बारीक ६-० धागा सुमारे ०.०७ मिलिमीटरचा, तो दिसलाच तर नशीब. याउलट कोन ३५ अंशांचा असेल तर दृश्याची रुंदी २८ सेंटिमीटरवर येते आणि मिलिमीटरला जवळपास ७ पिक्सेल मिळतात. तेव्हा रुंद कोनाचा, ‘सगळं दिसतं’ म्हणणारा कॅमेरा आपल्या कामाचा नाही. अरुंद भिंग किंवा खरं ऑप्टिकल झूम शोधा. डिजिटल झूमने चित्र मोठं होतं, पण सेन्सरमध्ये जादा पिक्सेल नसतील तर तपशील वाढत नाही.

कॅमेरा खाली झुकवता येतो का, हे हातात घेऊन बघा. काम करताना सर्जन मान थोडीच वाकवतो, उरलेलं डोळे खाली करून भागवतो. त्यामुळे कपाळाच्या रेषेत सरळ बसवलेला कॅमेरा जखमेच्या पलीकडे, समोर उभ्या असलेल्या मदतनीसाच्या पोटाकडे बघत राहतो. असा कॅमेरा असलेला शिकाऊ डॉक्टर शिक्षकाला जखम दिसावी म्हणून मान मोडेपर्यंत वाकतो आणि तासाभरात त्याचं लक्ष मानेकडे जातं.

वजनाचंही तेच. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या डोक्यावर चढवायच्या उपकरणाचं वजन ५६६ ग्रॅम आहे. हवेत त्रिमितीय आकृती तरंगवायची असेल तर असं उपकरण लागतं, पण नुसत्या देखरेखीसाठी कॅमेरा, एका डोळ्यापुढचा छोटा पडदा आणि चांगला माइक एवढं पुरतं. भिंगाचा चष्मा किंवा डोक्यावरचा दिवा वापरणाऱ्यांनी तो घालूनच चाचणी घ्यावी. दोन्ही एकाच जागेसाठी भांडतात. आणि लक्षात असू द्या, सर्जनला भिंगातून दिसणारं मोठं चित्र कॅमेऱ्याला दिसत नाही.

बॅटरी किती तास ‘चालते’ याला अर्थ नाही. सलग व्हिडिओ पाठवताना किती टिकते ते विचारा, स्वतः मोजा, आणि बाहेरून बॅटरी जोडण्याची सोय ठेवा. तापलेला चष्मा स्वतःच चित्राचा दर्जा खाली आणतो किंवा बंद पडतो.

एक सल्ला खरेदीखात्यासाठी. गूगलने ग्लासची विक्री मार्च २०२३ मध्ये बंद केली, मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं. तुमचा अभ्यासक्रम, परवानगीपत्रं, थांब्यांची यादी हे सगळं एका कंपनीच्या उपकरणाला बांधून ठेवू नका. चष्मा बदलला तरी बाकी सगळं जसंच्या तसं चाललं पाहिजे.

पायरी ३: प्रकाश आणि रंग

हा भाग छोटा आहे, पण सगळ्यात जास्त लोक इथेच वैतागून प्रकल्प गुंडाळतात.

शस्त्रक्रियेच्या दिव्याखाली मधोमध ४०,००० ते १,६०,००० लक्स प्रकाश असतो. भोवतालची कापडं गडद हिरवी किंवा निळी. कॅमेरा आपोआप प्रकाश ठरवताना सगळ्या चित्राची सरासरी काढतो, त्याला चित्र एकूण काळोखं वाटतं, तो उजेड वाढवतो आणि जखम पांढरी फटक होते. उपाय: एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्याने किती उजेड घ्यायचा ते, हाताने ठरवता येईल किंवा फक्त मध्यभागावरून मोजलं जाईल असाच कॅमेरा घ्या. दिवा लावून, जखमेच्या जागी कोरडा गॉज ठेवून, त्याची वीण शिक्षकाला स्पष्ट दिसेपर्यंत उजेड खाली आणा आणि तिथे कुलूप लावा. त्याच गॉजवर व्हाइट बॅलन्सही (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळवणी) पक्का करा, नाहीतर रक्त वाढलं की कॅमेरा रंग बदलतो.

एवढं केल्यावरही आतड्याचा रंग बघून ते जिवंत आहे की नाही हा निर्णय पडद्यावरून घेऊ नये. तो टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाचाच. तसंच ऊतींवर किती ताण आहे, गाठ किती घट्ट बसली, हे दूरच्या शिक्षकाला कळत नाही. त्याला ते विचारावं लागतं आणि शिकणाऱ्याला ते शब्दांत सांगायची सवय लावावी लागते.

पायरी ४: जाळं आणि आवाज

बहुतेक जण इंटरनेटचा डाउनलोड वेग बघून खूश होतात. इथे लागतो तो अपलोड. फुल एचडी चित्राला साधारण ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरा आणि त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे १० एमबीपीएस, सतत मिळतात का ते शस्त्रक्रियेच्या ठरलेल्या वेळी, त्याच खोलीत, दार बंद करून तपासा. एक्स-रेपासून बचावासाठी शिशाचा थर असलेल्या भिंतींतून वायफाय नीट येत नाही. ॲक्सेस पॉइंट खोलीच्या आतच लावून घ्या. भूस्थिर उपग्रहावरचं इंटरनेट असेल तर सिग्नलला सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन परत यावं लागतं. एका दिशेलाच पाव सेकंद तिथेच जातो, प्रश्न-उत्तराला अर्धा. तिथे थांबे जास्त आणि बोलणं कमी ठेवावं लागेल.

विलंब मोजायला महागडं काही लागत नाही. मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करून चष्म्यासमोर धरा. शेजारी शिक्षकाच्या बाजूचा लॅपटॉप ठेवा, मात्र त्याला रुग्णालयाच्या वायफायवर न ठेवता बाहेरच्या जाळ्याला जोडा. तिसऱ्या फोनने दोन्ही आकडे एकाच फोटोत टिपा. वजाबाकी म्हणजे चित्राचा विलंब. ही चाचणी अनेकदा करा आणि सरासरीपेक्षा सगळ्यात वाईट आकड्याकडे बघा. बोलण्यापुरतं सांगायचं तर एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब जाणवत नाही आणि ४०० च्या वर गेला की दोघं एकमेकांवर बोलू लागतात.

चित्र आणि आवाज यांतलं एकच वाचवायचं झालं तर आवाज वाचवा. चित्र गोठलं तरी शिकणारा बोलून सांगू शकतो, शिक्षक विचारू शकतो. आवाज गेला तर सुंदर चित्र निरुपयोगी. त्यामुळे आवाजासाठी वेगळी वाट ठेवणं, म्हणजे चष्मा इंटरनेटवर आणि साधा फोन खोलीतल्या स्पीकरवर, हा शहाणपणाचा खर्च आहे. मास्क, सक्शन (रक्त ओढून घेणारी नळी), कॉटरी (विजेने ऊती जाळून रक्त थांबवणारं हत्यार) आणि भूलयंत्राचे आवाज यांत चष्म्याचा माइक काय पकडतो ते सगळं चालू असताना ऐकून बघा. आवाजी आज्ञांवर चालणारा चष्मा मास्कमधून आज्ञा ओळखतो की नाही, हेही.

शिक्षकाचा आवाज फक्त शिकणाऱ्याच्या कानात जावा की खोलीत सगळ्यांना ऐकू यावा? माझं मत स्पष्टपणे दुसऱ्या बाजूला आहे. कानातल्या सूचना भूलतज्ज्ञाला आणि सिस्टरला कळत नाहीत. सर्जन अचानक का थांबला, काय मागतोय, हे त्यांना कोडं पडतं. रुग्णाला पूर्ण भूल न देता फक्त तेवढा भाग बधिर करून जागं ठेवलं असेल तर तेवढाच अपवाद.

पायरी ५: दुसरा डोळा

चष्म्याची सगळ्यात मोठी ताकद हीच त्याची सगळ्यात मोठी उणीव आहे. शिकणारा जिथे बघतो तेवढंच शिक्षकाला दिसतं. शिकवण्यासाठी हे अमूल्य आहे, कारण नजर कुठे भटकते ते कळतं. देखरेखीसाठी धोक्याचं, कारण शिकणाऱ्याचं ज्याकडे लक्ष नाही ते शिक्षकालाही दिसत नाही: मॉनिटरवर घसरणारा रक्तदाब, भरत चाललेली सक्शनची बाटली, मदतनीसाने जोरात ओढलेला रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारं हत्यार). म्हणून एक स्थिर कॅमेरा हवाच. टेबलाच्या पायथ्याशी उंचावर, पूर्ण टीम आणि भूलयंत्राचा मॉनिटर दिसेल असा. दर्जा साधा चालेल. शिक्षकाकडे दोन पडदे असावेत आणि मोठा पडदा चष्म्याच्या चित्राला द्यावा. डोक्यावरचा कॅमेरा हलतो. ते खूप जवळून तासभर बघितलं की बघणाऱ्याला मळमळायला लागू शकतं.

पायरी ६: परवानगी

रुग्णाची संमती शस्त्रक्रियेच्या संमतीपेक्षा वेगळी, वेगळ्या कागदावर घ्या. त्यात तीन गोष्टी सुट्या विचारा: दूरचा डॉक्टर थेट बघणार हे चालेल का, चित्रण साठवलेलं चालेल का, शिकवण्यासाठी इतरांना दाखवलेलं चालेल का. पहिल्याला हो आणि बाकी दोन्हींना नाही म्हणण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे, आणि नाही म्हटल्याने उपचारात फरक पडणार नाही हेही लिहिलेलं असावं. खोलीतल्या कर्मचाऱ्यांनाही आधी सांगा. त्यांचा आवाज आणि चेहरा त्यात येतो.

कॅमेरा रुग्णाचा चेहरा झाकल्यानंतर सुरू करायचा. नावाची शहानिशा करताना माइक बंद. चित्रण चष्म्याच्या आतल्या मेमरीत राहू देऊ नका, कारण हरवतो तो चष्माच. जोडणी टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक असलेलीच वापरा. रोजच्या गप्पांच्या ॲपवर शस्त्रक्रिया दाखवणं कितीही सोयीचं असलं तरी नको. शिक्षक दुसऱ्या हद्दीत बसला असेल तर तिथे सल्ला देण्याचा त्याचा परवाना, विमा आणि अंतिम जबाबदारी कोणाची, हे संस्थेच्या कायदेशीर सल्लागाराकडून लेखी घ्या.

पायरी ७: थांबे ठरवणं

आता गाभ्याचा भाग. शस्त्रक्रियेच्या अगोदर शिक्षक आणि शिकणारा मिळून तिचे टप्पे कागदावर लिहितात आणि प्रत्येक परत न फिरवता येणाऱ्या कृतीच्या आधी एक थांबा ठेवतात. थांब्यावर हात थांबतात, डोकं स्थिर होतं, शिकणारा काय दिसतंय ते बोट दाखवून सांगतो, पुढे काय करणार ते सांगतो, आणि शिक्षकाने ‘पुढे’ म्हटल्याशिवाय काम सुरू होत नाही.

जांघेतल्या हर्नियाची जाळी बसवून केलेली दुरुस्ती, म्हणजे लिख्टेनस्टाइन पद्धत, उदाहरणाला घेऊ.

पहिला थांबा बाह्य तिरक्या स्नायूचा पांढरा पडदा उघडल्यावर. शिकणाऱ्याने इलिओइंग्वायनल मज्जातंतू (जांघेतून जाणारा, संवेदनेचा) दाखवायचा. पडदा उघडतानाच तो कापला जाण्याची भीती असते, म्हणून खरं तर उघडण्याआधीही क्षणभर थांबून कात्रीचं टोक कुठे जाणार ते विचारावं.

दुसरा थांबा शुक्ररज्जू (शुक्रवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्यांचा दोर) वेगळा करून त्याखाली पट्टी घातल्यावर. इथे शिक्षकाने सगळ्यात जास्त वेळ द्यावा. हर्नियाची पिशवी कुठली, शुक्रवाहिनी कुठली, रक्तवाहिन्या कुठल्या: एकेक करून. मेद आणि हर्नियाची पिशवी यांत पडद्यावर गल्लत होते, कारण दोन मितींच्या चित्रात थर कळत नाहीत. शिकणाऱ्याला फोर्सेप्सने ऊती हलकेच इकडेतिकडे हलवायला सांगा. स्थिर चित्रात न दिसणारा थर हालचालीत दिसतो.

तिसरा पिशवी बांधण्याआधी किंवा आत ढकलण्याआधी: आत आतडं किंवा मूत्राशयाची भिंत सरकलेली नाही ना? इथे शिक्षकाला खात्री वाटली नाही तर इमारतीतल्या सर्जनला बोलवायचं, वाद घालायचा नाही.

चौथा जाळी बसवताना. प्रौढांसाठी नेहमीची जाळी साधारण ७.५ बाय १५ सेंटिमीटरची. ती जघनास्थीच्या उंचवट्यावरून मध्यरेषेकडे सुमारे २ सेंटिमीटर पुढे गेली आहे का, पहिला टाका हाडाच्या आवरणात तर गेला नाही, आणि खालच्या कडेचे टाके वरवरचे आहेत ना, हे तपासायचं. ही कड ज्याला शिवतात त्या जांघेच्या अस्थिबंधाखाली मांडीच्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. टाके आतल्या छिद्राच्या (जिथून शुक्ररज्जू बाहेर येतो) पलीकडे, मध्यरेषेपासून दूर, फारसे नेऊ नयेत, कारण पुढे मांडीचा मज्जातंतू येतो. अंतर दाखवायला शिकणाऱ्याने सेंटिमीटर मोजायची निर्जंतुक पट्टी जखमेशेजारी धरावी. पडद्यावरून अंदाजाने सेंटिमीटर सांगणाऱ्या शिक्षकावर विश्वास ठेवू नये.

शेवटचा बंद करण्याआधी: रक्तस्राव, आणि गॉज-सुयांची मोजणी.

बाकीच्या वेळात शिक्षक गप्प. हे लिहायला सोपं, पाळायला फार अवघड. लांबून बघणाऱ्याला आपण काही करत नाही असं वाटतं आणि तो बोलत सुटतो. कॉटरीचा प्रत्येक स्पर्श समालोचनासकट ऐकणारा शिकाऊ डॉक्टर थोड्याच वेळात ऐकणं बंद करतो, आणि मग गरजेचा शब्दही त्या कोलाहलात हरवतो.

पायरी ८: बोलायची भाषा ठरवणं

‘जरा डावीकडे घे.’ कोणाच्या डावीकडे? रुग्णाच्या, सर्जनच्या की पडद्याच्या? हा गोंधळ टाळायला चारच दिशा ठरवा: डोक्याकडे, पायाकडे, मध्यरेषेकडे, मध्यरेषेपासून दूर. ‘ते’, ‘इथे’, ‘असं’ हे शब्द बंद. अवयवाचं किंवा हत्याराचं नाव घ्यायचं. शिकणाऱ्याने प्रत्येक सूचना करण्याआधी परत बोलून दाखवायची.

‘थांब’ या शब्दाचा अर्थ आधीच पक्का करा. त्याचा अर्थ हात आहेत तिथे स्थिर. हत्यार झटकन बाहेर काढणं नाही. चिमट्यात रक्तवाहिनी असेल तर त्या झटक्यानेच ती फाटते. हा शब्द खोलीतला कोणीही उच्चारू शकतो, सिस्टरसुद्धा. गप्पांत किंवा इतर सूचनांत तो वापरायचा नाही.

पडद्यावर खुणा काढायची सोय असेल तर त्या गोठवलेल्या चित्रावर काढा. हलत्या चित्रावर काढलेली रेघ डोकं दोन सेंटिमीटर सरकलं की दुसऱ्याच अवयवावर जाऊन बसते. आणि चष्म्याचा पडदा एरवी काळा ठेवा. हातात धारदार काही असताना नजर कोपऱ्यातल्या पडद्याकडे गेलेली चालणार नाही. तिकडे बघायचं ते थांब्यावर, हात मोकळे करून.

पायरी ९: कोरडा सराव, मग तो दिवस

रुग्णाआधी सराव-मॉडेलवर पूर्ण साखळी चालवा: तोच शिक्षक, तीच जोडणी, तेच थांबे, हात धुऊन, गाउन घालून. सरावात मुद्दाम जोडणी तोडा, तीही सुई अर्धी टोचलेली असताना, आणि टीम काय करते ते बघा.

प्रत्यक्ष दिवशी चष्मा हात धुण्याआधी चढवायचा, कॅमेऱ्याचा कोन टेबलाशी उभं राहून जुळवायचा, पट्टा घट्ट करायचा. हात धुतल्यावर शिकणारा चष्म्याला हात लावू शकत नाही, त्यामुळे तो नीट करणारी, गाउन न घातलेली एक व्यक्ती नेमून ठेवा. तिचं त्या वेळी दुसरं काम नको. ही उपकरणं ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) टाकता येत नाहीत. उत्पादकाने सांगितलेल्या द्रावणाने पुसून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ मधल्या सुरक्षा यादीत चीर देण्याआधी सगळ्यांनी नाव आणि काम सांगायचं असतं. दूरच्या शिक्षकाने तेव्हा स्पीकरवरून स्वतःचं नाव आणि काम सांगावं, इमारतीतल्या सर्जनचं नाव आणि तो या क्षणी कुठे आहे ते मोठ्याने उच्चारावं, आणि आवाज व चित्र नीट आहे हे कबूल करावं. यांतलं एक जरी जुळलं नाही तर चीर द्यायची नाही.

जोडणी तुटली तर नियम आधीच भिंतीवर चिकटवलेला असावा: हातातली कृती सुरक्षित करा, जखमेवर ओला गॉज ठेवा, फोनवर आवाज जोडा. तोही जमला नाही तर पुढचा थांबा ओलांडायचा नाही, इमारतीतल्या सर्जनला बोलवायचं. तंत्रज्ञ चष्मा सुरू करायच्या खटपटीत असताना रुग्ण भुलीखाली वाट बघत पडलेला असू नये. त्यासाठी कमाल मिनिटं भूलतज्ज्ञाने आधी ठरवून द्यावीत.

आणि रक्तस्राव सुरू झाला तर? शिक्षक एकच वाक्य बोलतो: ‘दाब, आणि इमारतीतल्या सरांना बोलवा.’ पुढचं नेतृत्व खोलीतल्या माणसाचं. अशा वेळी स्पीकरवरून दुसरा आवाज येणं म्हणजे एका होडीला दोन सुकाणू.

पायरी १०: नंतर

त्याच दिवशी शिक्षक आणि शिकणाऱ्याने एकत्र बसून चित्रण बघावं. साठवायची संमती नसेल तर नुसत्या नोंदींवर बोलावं. पूर्ण बघायची गरज नाही, थांब्यांच्या आधीची आणि नंतरची दोन-दोन मिनिटं पुरतात. शिकणाऱ्याला आधी विचारा: या क्षणी तू कुठे बघत होतास आणि का? चष्म्याशिवाय हा प्रश्न विचारताच येत नव्हता.

गुण द्यायला टोरांटोमध्ये १९९७ च्या सुमारास विकसित झालेली ओसॅट्स मोजपट्टी वापरता येते. तिच्यात ७ बाबींना १ ते ५ गुण असतात: ऊतींची काळजी, हालचालींची काटकसर, हत्यारांची हाताळणी वगैरे. मात्र मदतनीसांचा वापर कसा केला ही बाब चष्म्यातून दिसत नाही. ती स्थिर कॅमेऱ्यावरून किंवा खोलीतल्या सिस्टरला विचारून भरा. ऊतींवरच्या ताणाचे गुणही खोलीतल्या सर्जनकडून घ्या.

प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर आणखी एक आकडा लिहून ठेवा: थांब्यांच्या बाहेर शिक्षकाला किती वेळा बोलावं लागलं. तो खाली येत नसेल तर शिकणारा अजून दुरून देखरेखीच्या पातळीला आलेला नाही किंवा थांबे चुकीच्या जागी आहेत. दोन्हींपैकी काय ते चित्रणातून कळतं. खाली येत असेल तर एकेक थांबा काढत जा, सगळ्यात धोक्याचा शेवटी. हर्नियाच्या उदाहरणात सगळ्यात आधी जाईल तो बंद करण्याआधीचा थांबा, आणि मोजणी मात्र नेहमीप्रमाणे सिस्टर करतच राहील.